जुनाट कासदाह (गाय)

गायीच्या कासेत जंतुसंसर्ग महिनोन्महिने मुरून राहतो, मधूनच उसळतो आणि मधूनच दबतो, त्या अवस्थेला जुनाट कासदाह म्हणतात. साधारणपणे दोन महिन्यांहून अधिक काळ टिकलेला संसर्ग या सदरात धरतात. गावाकडे या रोगाला ‘दगडी’ म्हणतात आणि जुनाट अवस्थेला हे नाव अगदी नेमके बसते. धार काढून कास रिकामी केली तरी रोगट कप्पा हाताला घट्ट, गाठाळ लागतो. ठाणे जिल्ह्यात कल्याण-भिवंडीकडचे तबेले मुख्यतः म्हशींचे, तर शहापूर-मुरबाडच्या गावांत घरोघरी एक-दोन गायी बांधलेल्या असतात. रोग म्हशीलाही होतो. येथे गायीपुरता विचार केला आहे.

रोग मुरतो कसा : कासेला चार कप्पे असतात आणि प्रत्येकाचे दूध वेगळे. एका कप्प्यातले दूध दुसऱ्यात उतरत नाही, म्हणून एक सड नासलेला आणि शेजारचे तीन धडधाकट असे सर्रास आढळते. जंतू सडाच्या छिद्रातून आत शिरतात. जुनाट कासदाहाला बहुतेकदा जबाबदार असणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू फार चिवट आहे. तो कासेच्या पेशींच्या आत लपतो, स्वतःभोवती चिकट थर तयार करतो आणि बारीक गळवे करतो. शरीर त्या गळवांभोवती तंतूंची भिंत उभारते. त्यामुळे जंतू कोंडला जातो खरा, पण सडातून सोडलेले औषधही त्या भिंतीपाशी अडते. चार दिवसांत सूज उतरते, दूध स्वच्छ दिसते, गाय बरी झाली असे वाटते आणि तीन आठवड्यांनी पुन्हा गुठळ्या येतात. हा बहुधा नवा आजार नसतो. जुनाच पुन्हा वर आलेला असतो.

ठाणे जिल्ह्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. जून ते सप्टेंबर गोठ्याची जमीन वाळत नाही, आणि शेण व ओल यांत वाढणारे ई. कोलाय, स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस हे जंतू सडांना सतत लागून असतात. तेलकट कातडीची डांगी जातीची गाय या पावसाला सरावलेली आहे, तर मोठ्या, लोंबत्या कासेच्या संकरित गायीला याच गोठ्यात जास्त जपावे लागते. स्टॅफिलोकॉकस मात्र चिखलातून येण्यापेक्षा धार काढणाऱ्याच्या हातांतून आणि कास पुसायच्या फडक्यातून जास्त पसरतो. एकाच ओल्या फडक्याने पाच गायींच्या कासा पुसल्या की एकीचा रोग पाचींना वाटला जातो. अंगठा दुमडून धार काढण्याची सवयही वाईट. अंगठ्याच्या हाडाने सड आतून चेचला जातो आणि जंतूला जागा मिळते. पूर्ण मुठीत सड धरून काढलेली धार गायीला सोसते.

ओळख : धारेपूर्वीच्या पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्या काळ्या कापडावर घ्याव्यात. बारीक पांढरे कण काळ्यावर लगेच उठून दिसतात. पण जुनाट रोग पुष्कळदा दिसतच नाही, आणि तेव्हा कॅलिफोर्निया चाचणी कामी येते. १९५७ साली प्रसिद्ध झालेली ही चाचणी आजही गोठ्यात करण्याजोगी सर्वांत स्वस्त आणि भरवशाची आहे. चार वाट्या असलेल्या प्लॅस्टिकच्या तबकात प्रत्येक सडाचे थोडे दूध वेगवेगळ्या वाटीत घ्यायचे, तेवढेच चाचणीचे द्रावण ओतायचे आणि तबक आडवे धरून हळूहळू गोल फिरवायचे. निरोगी सडाचे दूध पाण्यासारखे खेळत राहते. रोगट सडाचे काही सेकंदांत दाटते आणि रोग जोरात असेल तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा गोळा होऊन वाटीच्या मधोमध जमतो. हा दाटपणा दुधातल्या पांढऱ्या पेशींमुळे येतो. प्रयोगशाळेच्या मोजणीत एका मिलिलिटरमध्ये २ लाखांहून अधिक पेशी आढळल्या की त्या कप्प्यात संसर्ग आहे असे मानतात.

त्यापुढे जंतू कोणता आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो हे तपासायला हवे. बहुतेक गोठ्यांत नेमकी हीच पायरी गाळली जाते आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. नमुना प्रतिजैविक देण्याआधी घ्यावा : सडाचे टोक स्पिरिटच्या कापसाने पुसायचे, पहिल्या पिचकाऱ्या सोडून द्यायच्या, निर्जंतुक बाटलीत दूध घेऊन ती बर्फात ठेवायची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुना पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे पाठवता येतो. स्टॅफिलोकॉकस दुधात रोज सापडत नाही, म्हणून एकदा ‘जंतू नाही’ असा निकाल आला तरी निर्धास्त होऊ नये. ओलसर घाणीत वाढणारे प्रोटोथेका नावाचे शैवालही क्वचित कासदाह करते. त्यावर कोणतेच प्रतिजैविक चालत नाही, आणि हे तपासणीशिवाय कळत नाही.

उपचार : दुधावर असलेल्या गायीत जुना स्टॅफिलोकॉकस कासदाह पूर्ण बरा होण्याची शक्यता कमी असते, हे मालकाला आधीच स्पष्ट सांगावे. गाय पहिल्या-दुसऱ्या वेताची, बाधा एकाच कप्प्याला, संसर्ग फार जुना नाही आणि जंतू पेनिसिलिनला दाद देणारा, असे जुळून आले तर पशुवैद्यक ५ ते ८ दिवसांचा लांबवलेला उपचार करून पाहतात. औषध सडातून देतात, गरजेनुसार इंजेक्शनही जोडतात. वेदना आणि सूज यांसाठी मेलॉक्सिकॅम वापरतात. पूर्वी दिले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेली जनावरे खाणाऱ्या गिधाडांच्या जिवावर उठल्यामुळे जनावरांसाठी २००६ मध्ये बंद करण्यात आले.

सर्वांत जास्त नुकसान अर्धवट उपचाराने होते. औषधाच्या दुकानातून आणलेल्या, सडात सोडायच्या औषधाच्या दोन नळ्या, दूध स्वच्छ दिसताच थांबवलेला उपचार, पुढच्या वेळी वेगळ्या रंगाची नळी, असे दोन-तीनदा झाले की जंतू औषधाला सरावतो.

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने प्रसारात आणलेला कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम आणि चुना १५ ग्रॅम यांचा लेप अनेक पशुपालक वापरतात. तो दिवसातून आठ-दहा वेळा, पाच दिवस लावायचा असतो. ताज्या सुजेत त्याचा उपयोग करून पाहावा. आत तंतूंच्या गाठी झालेल्या कप्प्यात केवळ लेपावर विसंबून दिवस घालवू नयेत.

जुनाट कासदाहावर हुकमी वेळ म्हणजे भाकड काळ. गाय विण्याच्या सुमारे दोन महिने आधी आटवतात. शेवटची धार पूर्ण काढायची, सडांची टोके स्पिरिटने पुसायची आणि चारही सडांत भाकड काळासाठीच बनवलेल्या, सावकाश पाझरणाऱ्या औषधाची एकेक नळी सोडायची. आता धार निघत नाही, त्यामुळे औषध वाहून जात नाही आणि आठवडेच्या आठवडे कासेत टिकते. दुधावर असताना न हटलेला संसर्ग या काळात हटण्याची शक्यता बरीच जास्त असते. म्हणून गाय सात महिन्यांची गाभण असेल, तर नव्या नळ्यांवर पैसे घालण्यापेक्षा तिला वेळेवर आटवणे शहाणपणाचे. व्याल्यावर आठवडाभराने चारही सडांची चाचणी पुन्हा करावी.

उपचार चालू असताना आणि नळीच्या वेष्टनावर लिहिलेले दिवस संपेपर्यंत त्या गायीचे चारही सडांचे दूध विकू नये. असे दूध विरजले तर दही नीट लागत नाही, हे सर्वांत आधी घरातल्या बाईच्या लक्षात येते. ‘उकळले की झाले’ हा समजही खोटा आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण स्टॅफिलोकॉकसने दुधात सोडलेले विष उष्णतेने नष्ट होत नाही. कालवडीलाही असे दूध पाजू नये.

बाकीच्या गायी वाचवायच्या तर निरोगी गायींची धार आधी आणि रोगट गायीची सर्वांत शेवटी काढावी. धारेनंतर प्रत्येक सड आयोडीनच्या द्रावणात बुडवावा आणि लगेच वैरण टाकावी. धारेनंतर सडाचे छिद्र अर्धा-पाऊण तास उघडे असते. गाय खात उभी राहिली तर ते छिद्र शेणाला टेकत नाही.

न सुधारणारा सड : परदेशी पुस्तके अशा गायीला कळपातून काढून कत्तलखान्यात पाठवा म्हणतात. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी संरक्षण कायद्याने गायीच्या कत्तलीला बंदी आहे, आणि आजार लपवून बाजारात विकणे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग सोडणे. येथे व्यवहार्य मार्ग एकच उरतो, तो रोगट कप्पा कायमचा आटवण्याचा. त्या सडाची धार काढणे थांबवतात, आणि गरज पडल्यास पशुवैद्यक त्यात औषध सोडून तो बंद करतात. हे काम त्यांचेच. १९६२ या क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते. कप्पा हळूहळू आक्रसतो, कास एका बाजूने बसकी दिसते. पुढच्या वेतात उरलेले तीन कप्पे त्याची काही तूट भरून काढतात, आणि तीन सडांची गाय पुष्कळदा घराला पुरेल इतके दूध वर्षानुवर्षे देते.