‘मटका’ या शब्दाची पार्श्वभूमी

मराठी घरात पिण्याचे पाणी माठात असते आणि दहीहंडीला मडके फोडतात. ‘मटका’ म्हटले की मात्र आपल्याला भांड्याआधी जुगार आठवतो. हा अर्थ जेमतेम साठ वर्षांचा असून तो मुंबईत घडला.

खेळाचे जुने नाव ‘आकडा’. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडते आणि बंद होणारे भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईत येत आणि त्यांतील अंकांवर पैसे लावले जात. १९६१ मध्ये ही पद्धत बंद पडल्यावर सट्टेवाल्यांना अंक मिळवण्याची दुसरी रीत शोधावी लागली. चिठ्ठ्यांवर अंक लिहून त्या मटक्यात टाकायच्या आणि त्यांतून एक काढायची, अशी ती साधी रीत होती. कल्याणजी भगत यांनी १९६२ मध्ये सुरू केलेला ‘वरळी मटका’ आणि रतन खत्री यांनी १९६४ मध्ये काढलेला ‘न्यू वरळी मटका’ यांमुळे भांड्याचे नाव खेळालाच चिकटले.

पुढे चिठ्ठ्यांच्या जागी पत्ते आले. तीन पत्ते काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि बेरजेतील शेवटचा अंक घ्यायचा. म्हणजे ३, ६ आणि ८ निघाले तर बेरीज १७ आणि अंक ७. असे दोनदा काढलेले अंक शेजारी ठेवले की ‘जोडी’ होते. मटका तेव्हाच अडगळीत गेला, नाव मात्र टिकले. मला याहून लक्षणीय वाटते ती गोष्ट अशी की, पहिल्या अंकाला ‘ओपन’ आणि दुसऱ्याला ‘क्लोज’ म्हणताना खेळणारे आजही कापसाच्या त्या बंद पडलेल्या भावांचीच भाषा बोलतात.

गिरणगावात हा शब्द घरोघरी पोहोचला, कारण अगदी थोड्या पैशांतही आकडा लावता येई. शंभरांतून एक जोडी लागणार आणि रूढ दराने तिचे नव्वदपट मिळणार, हा हिशेब कामगाराच्या बाजूचा कधीच नव्हता, आणि त्यात अनेकांचे पगार बुडाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि हा खेळणारा वर्ग पांगला. जुगारविरोधी कायदा मुंबई इलाख्यात १८८७ पासूनच होता, त्यामुळे मटका जन्मापासून बेकायदा होता; तरी अचानक मोठा लाभ झालेल्या माणसाबद्दल ‘त्याला मटका लागला’ असे कधीही आकडा न लावलेली माणसेही सहज म्हणतात.