उचललेली जिप्सी आणि आखूड पडलेली ब्रेकची नळी

पुण्यातल्या वारज्याच्या एका मित्राने पावसाळ्याआधी जिप्सी चार इंच उचलून घेतली. नवे पाटे, लांब शॉक अॅब्सॉर्बर, थोराड टायर. पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्या मात्र कंपनीच्याच राहिल्या. "साहेब, पुरतेय की नळी. बघा, अजून ढिली आहे," असं मिस्त्रीचं म्हणणं. गाडी फरशीवर चारही चाकांवर उभी होती, तेव्हा ते खरंही होतं.

मग आम्ही चासीखाली जॅक लावून पुढचं चाक हवेत लोंबू दिलं आणि स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण कापलं. नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली. कॅलिपरजवळच्या (चाकाच्या तबकडीवर ब्रेकचे पॅड दाबणारा चिमटा म्हणजे कॅलिपर) टोकाला, जिथे रबर लोखंडी टोपीत शिरतं, तिथे बारीक भेगा उघडल्या. मिस्त्री काही बोलला नाही, फक्त पाना खाली ठेवला.

ही नळी काय सोसते त्याचा हिशोब करून बघण्यासारखा आहे. समजा, पेडलवर पायाचा 30 किलोंचा भार आहे. पेडलच्या तरफेने तो सहापट झाला, म्हणजे 180 किलो. पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचा दट्ट्या 20 मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ 3.14 चौरस सेंटिमीटर. म्हणजे ब्रेक ऑइलवर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 57 किलो दाब आला. घरच्या कुकरची शिट्टी साधारण एक किलोला उडते. पास्कलच्या नियमाप्रमाणे हा दाब जसाच्या तसा कॅलिपरपर्यंत जातो आणि तिथल्या 54 मिलिमीटरच्या दट्ट्यावर सुमारे 1,300 किलोंचा रेटा देतो. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरची मदत तर यात धरलेलीच नाही. धडधाकट नळी हे सगळं सहज पेलते. तिच्या आत रबराच्या थरांमध्ये विणलेला धागा असतो, तो तिला फुगू देत नाही. मात्र हा धागा आतला दाब पेलायला असतो, लोंबत्या चाकाचं वजन उचलायला नव्हे. (पॅड बदलताना कॅलिपर नळीवरच लोंबकळत ठेवणारे मिस्त्री इथेच चुकतात.)

नळी गेलीच तर? जोड मास्टर सिलिंडर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या ब्रेकचं ऑइल वेगळं ठेवणारा, असेल तर मागचे ब्रेक उरतात. पण ब्रेक दाबताना गाडीचं वजन पुढे झुकतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. सिंहगडाचा घाट उतरताना नुसत्या मागच्या ब्रेकवर राहण्याची वेळ शत्रूवरही येऊ नये.

आता भूमिती. चासीवर जिथे लोखंडी बंडी पाइप संपून रबरी नळी सुरू होते, तिथपासून कॅलिपरपर्यंत आडवं अंतर 15 सेंटिमीटर आणि उभं 20 असेल, तर सरळ रेषेत 25 सेंटिमीटर नळी लागेल. लांब पाट्यांमुळे अॅक्सल आणखी 10 सेंटिमीटर खाली लोंबला, की उभं अंतर 30 होतं आणि कर्ण साडेतेहतीसच्या आसपास जातो. म्हणजे तूट साडेआठ सेंटिमीटरची. चार इंच उचलली तर चार इंच लांब नळी, हा गॅरेजमधला ठोकताळा त्यामुळे फार चुकत नाही. पण तो स्टेअरिंगला विसरतो. चाक वळतं तेव्हा कॅलिपर किंगपिनभोवती, म्हणजे चाक ज्या उभ्या खिळीवर वळतं तिच्याभोवती, फिरतो. नळीचं वरचं टोक त्या आसाच्या रेषेपासून दूर असेल तर प्रत्येक वळणावर ती आणखी ओढली जाते. तेच टोक रेषेजवळ आणलं, तर नळीला ताण न बसता थोडासा पीळच बसतो.

म्हणून नुसती लांब नळी आणण्यापेक्षा तिची वाट बदलणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. चासीवरचा ब्रॅकेट सोडवायचा, बंडी पाइपचा उपलब्ध ढिलेपणा वापरून तो हळूच खाली वाकवायचा आणि नवा ब्रॅकेट लावून तिथे पक्का करायचा. ढिलेपणा नसेल तर नवा पाइप, दुहेरी फ्लेअर मारूनच, म्हणजे टोक दुहेरी दुमडून फुलवूनच. फ्रिजवाल्यांची साधी तांब्याची नळी इथे अजिबात नको, हादऱ्यांनी ती कडक होऊन तडकते. आणि टोक किती खाली आणायचं यालाही मर्यादा आहे. चाक दगडावर चढून वर दबलं, की शिल्लक नळीचा फुगवटा बाहेर येतो आणि टायरला घासतो. आम्ही पहिल्यांदा नेमकं हेच केलं होतं. टायरच्या आतल्या भिंतीला खडू फासला, चाक वर दाबून वळवलं, तर खडू नळीवर आला. मग ब्रॅकेट तीन सेंटिमीटर वर सरकवला.

पाइप उघडला म्हणजे हवा शिरणारच. फक्त 3 मिलिलिटर हवा, म्हणजे चहाचा चमचाही भरत नाही, एवढी आत राहिली तर ती दाबून टाकण्यातच मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याची जवळजवळ एक सेंटिमीटर चाल खर्च होते आणि पेडल सहा सेंटिमीटर खाली जातं. ऑइल दबत नाही, हवा दबते. 'स्पंजी ब्रेक' म्हणतात तो हाच. जुनं ऑइल परत ओतायचं नाही. ते हवेतली ओल शोषतं, आणि डॉट 4 प्रतीच्या ब्रेक ऑइलचा कोरड्या अवस्थेतला किमान 230 अंशांचा उत्कलनबिंदू ओल मुरल्यावर 155 पर्यंत उतरू शकतो.

एक गोष्ट मात्र मित्राला आवडली नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये दिलेल्या निकालाप्रमाणे, कंपनीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही. वाहनं तपासणारी एआरएआय ही संस्था वेताळ टेकडीवर, वारज्यापासून फार लांब नाही. पण आपण पाटे बदलताना तिकडे कोण बघतो!

बऱ्याच ब्रेक होसवर लांबीच्या दिशेने रंगाची सरळ रेघ असते. ती शोभेसाठी नाही. नळी बसवताना पिळली गेली, तर रेघ गोल फिरलेली दिसते. मित्राच्या डाव्या नळीवर ती पाऊण फेरा फिरली होती. मिस्त्रीने नळी कॅलिपरला जोडणारा पोकळ बँजो बोल्ट पुन्हा सोडला, तांब्याचे दोन्ही वायसर नवे घातले आणि या वेळी रेघेवर बोट ठेवूनच बोल्ट आवळला.