‘एन्क्रिप्शन प्रोव्हायडर सापडत नाही’ अशी त्रुटी आल्यास: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जावा अपडेट केल्यावर आमचे सर्व्हर ॲप्लिकेशन सुरू होत नाही आणि लॉगमध्ये ‘नो सच प्रोव्हायडर एक्सेप्शन’ दिसते, अशी तक्रार वारंवार येते. एन्क्रिप्शनचे (माहिती गुप्त लिपीत बदलण्याचे) काम ज्या बाउन्सी कॅसल या प्रोव्हायडरकडे, म्हणजे जावाला जोडल्या जाणाऱ्या वेगळ्या सॉफ्टवेअर घटकाकडे, सोपवलेले आहे, तो जावाला सापडत नाही, एवढाच या त्रुटीचा अर्थ असून तिच्यामुळे साठवलेल्या डेटाला धक्का लागत नाही. त्यामुळे ॲप्लिकेशन काढून पुन्हा बसवण्याची घाई कृपया करू नये. एन्क्रिप्शनच्या किल्ल्या साठवलेल्या कीस्टोअर फाइलला तर हातही लावू नये, कारण बॅकअप नसताना ती गेली, तर एन्क्रिप्ट केलेला डेटा आम्हालाही उघडता येणार नाही.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो भलत्याच जावामध्ये दुरुस्ती केल्यामुळे. एकाच सर्व्हरवर जावाच्या अनेकदा दोन-तीन आवृत्त्या असतात, आणि टर्मिनलवर विचारल्यास जी आवृत्ती दिसते तिच्यावरच आपली सर्व्हिस चालत असेल, असे नाही. मग प्रोव्हायडरांची नोंद असलेल्या जावाच्या ‘जावा डॉट सिक्युरिटी’ या फाइलमध्ये अगदी बिनचूक बदल करूनही त्रुटी तशीच राहते आणि संशय ॲप्लिकेशनवर जातो. म्हणून सर्वप्रथम आमच्या लॉगच्या सुरुवातीला छापलेला ‘जावा होम’चा, म्हणजे सर्व्हिस वापरत असलेल्या जावाच्या फोल्डरचा, मार्ग पाहावा आणि त्याच फोल्डरमधील फाइल उघडावी. जावा ८ मध्ये ती ‘लिब’खालील ‘सिक्युरिटी’ फोल्डरमध्ये असते, तर जावा ९ पासून ‘कॉन्फ’खालील ‘सिक्युरिटी’मध्ये.

या फाइलमध्ये प्रोव्हायडरांची यादी क्रमांकाने दिलेली असते व जावा ती एकापासून ओळीने वाचते. मध्ये एखादा क्रमांक सुटला की वाचन तिथेच थांबते. यादी नवव्या क्रमांकावर संपत असताना बाउन्सी कॅसलची नवी ओळ अकराव्या क्रमांकाने लिहिली, तर ती असून नसल्यासारखीच. बदलानंतर सर्व्हिस रीस्टार्ट करणे आवश्यक आहे.

जावा ८ मध्ये प्रोव्हायडरची जार फाइल (त्याचा कोड एकत्र बांधलेली फाइल) जावाच्या ‘लिब’खालील ‘एक्स्ट’ फोल्डरमध्ये ठेवण्याची पद्धत होती. जावा ९ पासून ती सोय काढून टाकलेली आहे, आणि सवयीने ‘लिब’मध्ये तसे फोल्डर तयार केल्यास जावा सुरू होण्यासच नकार देते. जार आमच्या ॲप्लिकेशनच्या ‘लिब’ फोल्डरमध्येच, आणि एकाच आवृत्तीची असावी.

ही जार आम्ही मुख्य जारमध्ये का मिसळत नाही, असेही विचारले जाते. तसे केल्यास फाइल्सची संख्या कमी होईल हे खरे. परंतु प्रोव्हायडरच्या जारवर डिजिटल स्वाक्षरी असते, ऑरॅकलची जावा ती तपासते, आणि मिसळताना स्वाक्षरी तुटली की प्रोव्हायडर नाकारला जातो. ग्राहक कोणती जावा वापरतील हे आम्ही ठरवत नसल्यामुळे जार वेगळी ठेवणेच आम्हाला योग्य वाटते.

‘इल्लीगल की साइझ’ ही त्रुटी मात्र निराळी आहे. जावा ८ च्या अपडेट १६१ पूर्वीच्या आवृत्त्यांत एईएस या एन्क्रिप्शन पद्धतीच्या किल्लीच्या लांबीवर मुळातच १२८ बिटांची मर्यादा असे. आवृत्ती अद्ययावत केल्यास हा प्रश्न सुटतो.

एवढे करूनही अडचण राहिल्यास शेवटच्या ओळीचा स्क्रीनशॉट न पाठवता सर्व्हिस सुरू झाल्यापासूनचा संपूर्ण लॉग पाठवावा. वार्षिक देखभाल करार असलेल्या ग्राहकांनी जावा बदलण्यापूर्वीच कळवल्यास ही सर्व तपासणी आम्ही चाचणी सर्व्हरवर आधीच करून देतो, आणि त्यासाठी वेगळे शुल्क आकारले जात नाही.