नागपुरात नोंदणी विवाह: नोटीस अडते कुठे?

नोंदणी विवाह ज्याखाली होतो तो विशेष विवाह कायदा १९५४ चा आहे आणि त्यातल्या अटी तशा साध्या आहेत. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ ची, कुणाचंही आधीचं लग्न कायम नाही, दोघंही संमती द्यायला मानसिकदृष्ट्या सक्षम, आणि कायद्याने निषिद्ध ठरवलेलं जवळचं नातं नाही. जात, धर्म, आईवडिलांची परवानगी यातलं काहीही त्यात नाही. तरी लग्न करणार असल्याची लेखी नोटीस विवाह अधिकाऱ्याकडे द्यायला गेलेली जोडपी खिडकीवरून परत येतात. कारण बहुधा पत्त्यात असतं, नाहीतर तारखांत.

आधी पत्ता. दोघांपैकी किमान एकजण नोटीस देण्याआधीचे सलग ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असावा, एवढंच कायदा मागतो. पण मिहानमध्ये नोकरीला आलेल्या मुलाच्या आधारवर पत्ता गोंदियाचा, मुलीच्या आधारवर छिंदवाड्याचा. "आधार आहे न भाऊ, आणखी काय पाहिजे?" असं विचारणारे रोज दिसतात. पाहिजे तो नागपुरात राहत असल्याचा कागद, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो. बेसा-मनीषनगरकडे लग्न न झालेल्या जोडप्याला खोली द्यायला घरमालक का-कू करतात. मग करार होतो एकट्या मुलाच्या नावाने किंवा सगळं तोंडी, आणि मुलगी घरमालकाच्या लेखी 'बहीण' असते. हेच नातं पोलीस पडताळणीच्या फॉर्मवर लिहून बसलात तर विवाह अधिकाऱ्यासमोर उभं राहताना काय पंचाईत होईल, याचा विचार आधीच करा.

उपाय अवघड नाही. दोघांपैकी एकाच्या नावाचा भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या, तो जुना होऊ द्या, मग नोटीस द्या. दुसऱ्याने स्वतःचा खरा कायमचा पत्ताच लिहावा. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरता येते. सोबत जन्मतारखेसाठी टीसी किंवा जन्मदाखला, ओळखपत्र आणि फोटो. टीसीवर 'प्रणाली' आणि आधारवर 'प्रनाली' असेल तर दुरुस्ती आधी, नोटीस नंतर.

इथे एक गोष्ट कुणी सांगत नाही. नोटीस विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लागते. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. म्हणजे नागपुरात गुपचूप अर्ज केला, तरी गोंदियाच्या फलकावर नाव झळकू शकतं आणि तालुक्यातला एखादा ओळखीचा ते वाचून काकांना फोन करू शकतो. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही प्रसिद्धी ऐच्छिक ठरवली, पण तो निकाल उत्तर प्रदेशातला आहे. त्याच्या भरवशावर नागपुरात वाद घालू नका. घरून धोका असेल तर नोटीस देण्याआधीच पोलिसांकडे लेखी अर्ज द्या. अशा जोडप्यांच्या संरक्षणासाठी जिल्ह्याजिल्ह्यात विशेष कक्ष असावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्तिवाहिनी प्रकरणात सांगितलं आहे.

नोटीस लागल्यापासून ३० दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो, पण ती वर सांगितलेल्या अटींवरच. "आमच्या समाजातला नाही" ही हरकत नव्हे. अधिकाऱ्याने ३० दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो, आणि उगाच घेतलेल्या हरकतीबद्दल १,००० रुपयांपर्यंत खर्च बसवता येतो. एवढ्या रकमेला कोणता काका घाबरणार, हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

आता तारखा. राहण्याचे ३० दिवस वेगळे, हरकतीचे ३० वेगळे. दोन्ही एकच समजून लोक हॉल बुक करतात. त्याहून वाईट म्हणजे नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही, तर ती बाद होते आणि सगळं पहिल्यापासून. हे तीन महिने हरकतीची मुदत संपल्यावर सुरू होत नाहीत. डिसेंबरात नोटीस देऊन अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरलात तर हातात काही उरत नाही. आधी मुहूर्त ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

घटस्फोटितांना न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागते. पंचांसमोर स्टँप पेपरवर लिहिलेली सोडचिठ्ठी घेऊन अजूनही लोक येतात, आणि त्यांना परत पाठवताना कुणी कारणही नीट सांगत नाही. कारण साधं आहे: आधीचं लग्न संपल्याचा तो पुरावा अधिकाऱ्याला पुरत नाही. विधवा-विधुरांना जोडीदाराचा मृत्यू दाखला.

सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाच्या आसपास "एका दिवसात कोर्ट मॅरेज" करून देणारे भेटतात. त्यांच्यापासून सांभाळून. हे लग्न मुळात कोर्टात लागतच नाही, ते विवाह अधिकाऱ्यासमोर लागतं, आणि या कायद्याखाली ते एका दिवसात होऊ शकत नाही. नोटरीला लग्न लावायचा अधिकार नाही. तिथे मिळतं ते फक्त शिक्का मारलेलं प्रतिज्ञापत्र. लिव्ह-इनच्या कराराचंही तेच. उत्तराखंडात जानेवारी २०२५ पासून लिव्ह-इनची नोंदणी सक्तीची झाली, त्यामुळे इथेही ती कुठे करायची, असं विचारत लोक येतात. महाराष्ट्रात तशी नोंदणी नाही. एकत्र राहणाऱ्या स्त्रीला २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं संरक्षण मिळू शकतं, पण नातं 'विवाहसदृश' होतं हे तिला दाखवावं लागतं, आणि स्टँप पेपर तेवढ्याने पुरत नाही. समलिंगी जोडप्यांना या कायद्याखाली लग्न करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ते स्पष्ट केलं.

लग्न मंदिरात किंवा विहारात विधीने आधीच लागलं असेल, तर नव्याने लावायला धावू नका. महापालिकेच्या झोन कार्यालयात त्याची नोंदणी होते. तिथे विधी लावणाऱ्याची सही आणि लग्नपत्रिका मागतात. पळून लग्न केलेल्यांकडे पत्रिका कुठून असणार? मग काहीजण मागची तारीख घालून खोटी छापतात. तसं करू नका. पत्रिका नसल्याचं प्रतिज्ञापत्र चालेल का, हे काउंटरवर आधी विचारून घ्या.

लग्नाच्या दिवशी साक्षीदार तीन लागतात, दोन नव्हे. तिसरा आयत्या वेळी रजा मिळाली नाही म्हणून आला नाही, की सगळ्यांचा दिवस वाया. चौथा सांगून ठेवा. प्रत्येकाने मूळ ओळखपत्र आणावं.

दोघांपैकी एक हिंदू, बौद्ध, जैन किंवा शीख आणि दुसरा अन्य धर्माचा असेल, तर पहिला लग्नानंतर एकत्र कुटुंबातून विभक्त मानला जातो. वडिलोपार्जित शेतीतला हक्क त्यामुळे जात नाही, पण पुढचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायद्याने ठरतो. घरी शेती असेल तर वकिलाला हे विचाराच.

सही करण्याआधी प्रमाणपत्रातली नावं पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. चूक नंतरही दुरुस्त होते, पण विवाह अधिकारी ती तुमच्यासमोर किंवा दोन साक्षीदारांसमोर समासात नोंद घालून करतो, म्हणजे पुन्हा सगळ्यांच्या रजा जुळवणं आलं.