कणकेचा गोळा आणि दीड टँकर पाणी

रविवारी बीडजवळच्या एका तलावावर गळ टाकायला गेलो होतो. शेजारच्या मंडळींनी निघताना बाटल्या, वेफर्सची पाकिटं पिशवीत भरून घेतली. बघून फार बरं वाटलं. पण उरलेली कणीक, पोहे, भाकरीचे तुकडे त्यांनी पाण्यात लोटले. "हे काय प्लास्टिक आहे का? मासे खातील, नाहीतर कुजून जाईल," एक काका म्हणाले.

या कुजण्याचाच हिशोब मांडू. कुजणं म्हणजे जिवाणूंचं जेवण, आणि त्यासाठी ते पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. 30 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो मावतो जेमतेम 7.5 मिलिग्रॅम. एक लिटर हवेत असतो सुमारे 270.

आता कणकेतला स्टार्च घ्या. त्याच्या साखळीच्या एकेका दुव्यात कार्बनचे 6 अणू असतात. त्यांचा पूर्ण कार्बन डायऑक्साइड व्हायला ऑक्सिजनचे 6 रेणू लागतात. वजनात 162 ग्रॅम स्टार्चला 192 ग्रॅम ऑक्सिजन, म्हणजे 100 ग्रॅमला जवळपास 118. त्याला 7.5 मिलिग्रॅमने भागलं की येतात 15,000 हून जास्त लिटर. उन्हाळ्यात गावात येणारा टँकर 10,000 लिटरचा धरला, तर 100 ग्रॅम स्टार्च दीड टँकर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकतो.

हे एका रात्रीत घडत नाही. वारा आणि लाटा नवा ऑक्सिजन मिसळत असतात. पण मे महिन्यात तलाव आटलेला असतो, आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमीच मावतो. त्यात शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच वापरतं. म्हणून पहाटे साठा सगळ्यात कमी असतो. त्या वेळी कटला, रोहू वर येऊन तोंडं उघडमिट करतात. लोकांना वाटतं मासा भुकेला आहे. तो गुदमरलेला असतो. मरळ थेट हवेतून श्वास घेते, म्हणून ती तगते. सकाळी मेलेले मासे तरंगले की कुणी अमावास्येला बोल लावतं, कुणी दृष्ट लागली म्हणतं, आणि पुण्य लागावं म्हणून कणकेचे आणखी गोळे पाण्यात पडतात.

तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, तर कुजतही नाही. काठच्या बाभळीला गुंतलेला हातभर तंगूस सोडवायला मला पाव तास लागला. त्यात बगळ्याचा पाय अडकला असता तर त्याला तो सोडवता आला नसता.

माझा उरलेला गोळा मी डब्यात घालून घरी आणला आणि उकिरड्यावर टाकला. दुपारपर्यंत त्याला मुंग्या लागल्या होत्या.