मंडळीतला युवा सेवक : मानधनाच्या वादामागचा इतिहास

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या (म्हणजे चर्चच्या) वार्षिक सभेत अंदाजपत्रक वाचलं जातं तेव्हा पाळकांचा पगार, वीजबिल, नाताळचा खर्च, कंपाउंडची डागडुजी हे सगळं फारशी खळखळ न होता मंजूर होतं. अडतं ते तरुणांसाठी पूर्णवेळ सेवक नेमण्याच्या प्रस्तावापाशी. सेवेला पगार कशाला, असं एक जण विचारतो. हा मुलगा पुढे पाळक होणार आहे का, असं दुसरा विचारतो. आणि घरी गेल्यावर आई विचारते की खरी नोकरी कधी बघणार. पुणे, मुंबई, अहिल्यानगर, सोलापूर, कुठेही जा, प्रश्न हेच असतात. ते एका पिढीत तयार झालेले नाहीत. ही सेवा आपल्याकडे ज्या वाटेने आली, त्या वाटेवरच त्यांची मुळं आहेत.

१९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, तिथून सुरुवात केलेली बरी. नव्या मंडळीच्या घटनेने बिशप, प्रेसबिटर (पाळक) आणि डीकन (पाळकाचा मदतनीस) असे तीन दीक्षित सेवक मानले. युवा सेवक त्या तिन्हींत नाही, म्हणून तो सामान्य सभासदच राहिला. प्रत्येक मंडळीत तरुण संघ होता, त्याला अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार होते, वर्गणी होती. पण संघ चालवणं आणि तरुणांची पाळकीय काळजी घेणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला घटनेत नाव मिळालं नाही. अर्थात नाव नाही म्हणून काम थांबलं नाही. ते पाळकाकडे, पाळकाच्या पत्नीकडे, शब्बाथशाळेच्या शिक्षकांकडे आणि थिऑलॉजीला जाण्याआधी वर्षभर मंडळीत ‘अनुभव घ्यायला’ पाठवलेल्या उमेदवारांकडे वाटलं गेलं. या शेवटच्या प्रथेने जितकं नुकसान केलं तितकं दुसऱ्या कशानेही केलं नसेल. उमेदवार वर्षभर राबतो, मुलांचा विश्वास कमावतो, जूनमध्ये सेमिनरीला निघून जातो आणि मुलं पुन्हा पोरकी होतात. शिवाय मंडळीच्या डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं की युवा सेवा ही पायरी आहे, घर नव्हे.

पगाराचा प्रश्न मात्र याहून कितीतरी जुना आहे. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेल्या आणि १८३१ पासून अहमदनगरला पाय रोवलेल्या अमेरिकी मिशनने शिक्षक-प्रचारकांची एक फळी उभी केली. हा माणूस गावात शाळा चालवी, रविवारी उपासना घेई, मोठ्या मुलांना गाणी आणि शास्त्रपाठ शिकवी. आजच्या भाषेत तो युवा सेवकच होता. त्याचा पगार मिशनच्या तिजोरीतून येई. मग १८५४-५५ मध्ये मिशनच्या मुख्यालयातून, बोस्टनहून, एक शिष्टमंडळ आलं. त्याने इंग्रजी शाळा बंद करायला लावल्या, गावातल्या मराठी शाळांवर आणि देशी पाळकांवर भर दिला, आणि मंडळीने आपला पाळक आपल्या दानातून पोसावा हे तत्त्व पुढे ठेवलं. तत्त्व चांगलंच होतं. अंमलबजावणीत मात्र एक फट राहिली, ती अशी की स्वावलंबनाचा हिशेब पाळकापुरता झाला. शिक्षक-प्रचारक मिशनच्याच पगारावर राहिले. गावच्या मंडळीला त्यांच्यासाठी हात सैल करायची सवय लागलीच नाही. पुढे मिशनचा पैसा आटला तेव्हा पाळकाचं पद टिकलं, कारण ते मंडळीच्या खिशाशी बांधलेलं होतं. शिक्षक-प्रचारकाचं पद गळून पडलं.

दुसरा प्रवाह शहरांतून आला. १८४४ मध्ये लंडनच्या एका कापडदुकानातल्या नोकरांनी सुरू केलेली वायएमसीए ही तरुणांची ख्रिस्ती संघटना १८७५ मध्ये मुंबईत पोचली. तिने दीक्षा न घेतलेला, पगारी, प्रशिक्षित ‘सेक्रेटरी’ आपल्याला दाखवला. वसतिगृह, वाचनालय, व्यायामशाळा, बायबल वर्ग हे सगळं तो पाही आणि तो पाळक नाही म्हणून कोणी त्याला कमी लेखत नसे. १९१६ मध्ये या संघटनेच्या देशपातळीवरच्या सर्वोच्च पगारी जागी भारतीय माणूस आला. म्हणजे पूर्णवेळ युवा सेवा हे सामान्य ख्रिस्ती माणसाचं स्वतंत्र पाचारण असू शकतं, हे आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झालेलं होतं. फक्त ते मंडळीच्या आवारात कधी आलं नाही, संघटनेच्या इमारतीतच राहिलं.

मंडळीच्या आवारात जे आलं ते बिनपगारी रूप. १८८१ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या एका काँग्रिगेशनल मंडळीत तरुणांची ख्रिश्चन एन्डेव्हर सोसायटी सुरू झाली. तिच्यात प्रत्येकाने प्रतिज्ञा घ्यायची, दर महिन्याला समर्पणाची सभा, हजेरी पुकारली की प्रत्येकाने काहीतरी बोलायचं, आणि कामं समित्यांत वाटलेली. अमेरिकी मिशनच्या मंडळ्या त्याच घराण्यातल्या असल्याने हा साचा आपल्याकडे सहज रुजला. आजही तरुण संघाच्या सभेत हजेरीनंतर एकेक वचन म्हणायची पद्धत दिसते, ती त्याच धाटणीची आहे. एन्डेव्हरची रचना छोट्या, ओळखीच्या, एका वयाच्या गटासाठी अप्रतिम होती. पण तिच्यामागे एक मूक गृहीतक होतं की पाळक जवळ आहे आणि त्याला वेळ आहे. चार गावं सांभाळणाऱ्या पाळकाच्या मंडळीत ते कधीच खरं नव्हतं.

आता वादाचा गाभा. सेवा बिनपगारी असावी असं म्हणणारे दोन आधार देतात. एक शास्त्राचा : प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता. दुसरा आपल्या मातीतला : १९१७ मध्ये मराठी ख्रिस्ती जगातले सर्वात मोठे कवी, रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. या उदाहरणाचं वजन मराठी माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वारकऱ्यांच्या मुलखात फुकट केलेल्या सेवेलाच सेवा म्हणतात.

पण दोन्ही आधार नीट पाहिले तर उलट बाजूला उभे राहतात. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल आधी सांगतो की सुवार्ता सांगणाऱ्याने सुवार्तेवर उपजीविका करावी असा प्रभूचाच नियम आहे. ते चौदावं वचन. लगेच पंधराव्यात तो म्हणतो की मी मात्र हा हक्क वापरला नाही. हक्क आधी, त्याग नंतर, आणि त्याग कोणी करायचा ते पौलाने स्वतः ठरवलं, करिंथच्या मंडळीने नव्हे. १९१७ चंही तसंच. मिशनचा पगार होता म्हणून तो सोडता आला. तेव्हा टिळक पन्नाशी ओलांडलेले, नाव झालेले, आयुष्यभर काम केलेले गृहस्थ होते. बावीस वर्षांच्या, घरी धाकटी भावंडं असलेल्या मुलाला कमिटीने परस्पर संन्यास दिला तर तो त्याग होत नाही. पगार सोडण्याचा अधिकार सेवकाचा आहे. मंडळीचा अधिकार फक्त देण्याचा.

इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातल्या यादीत प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक आहेत, युवा सेवक नाही, हाही आक्षेप येतो. त्या यादीत ऑर्गन वाजवणारा, खजिनदार आणि महिला मंडळाची अध्यक्षीणही नाहीत. यादीच्या पुढचंच वचन सांगतं की ही माणसं पवित्र जनांना सेवेसाठी तयार करायला दिली आहेत. पंधरा वर्षांच्या मुलीला प्रार्थना करायला, वचन वाचायला आणि वर्गातल्या प्रश्नांना उत्तर द्यायला तयार करणं हे शिक्षकाचंच काम आहे.

वसईकडच्या कॅथलिक धर्मग्रामांत हा वाद इतका तापत नाही. तिथे युवकांची जबाबदारी धर्मगुरूकडे सोपवलेली असते आणि त्याच्या हाताखाली ॲनिमेटर, म्हणजे गट चालवणारे दीक्षा न घेतलेले सभासद, काम करतात, बहुतेक नोकरी सांभाळून. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाल्यावर सगळं मराठीत आणि जवळच्या अंतरात आलं, याचा फायदा झाला. पण तिथेही धर्मगुरूची बदली झाली की गट विस्कटतो.

गेल्या पंधरा वर्षांतल्या दोन कायद्यांनी हा जुना वाद ऐच्छिक ठेवलेला नाही. पहिला २०१२ चा पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणारा कायदा. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, किंवा होण्याची शक्यता दिसली, तरी कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या माणसाची माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. ‘आपण कमिटीत मिटवू’ हे वाक्य त्या दिवसापासून गुन्ह्याकडे नेणारं झालं. तरीही अनेक मंडळ्यांत मुलांच्या कामाला माणूस घेताना त्याचा आवाज चांगला आहे, गिटार येते, एवढंच पाहिलं जातं. बिनपगारी, बिनपत्राच्या माणसाला कोणते नियम लागू आहेत हे कोणालाच माहीत नसतं, आणि बिघडतं ते तिथेच. लेखी नेमणूक असली की आधीच्या मंडळीचं पत्र मागता येतं, दोन जणांकडे चौकशी करता येते, आचारसंहितेवर सही घेता येते.

दुसरा बदल सप्टेंबर २०२० चा, परदेशी देणग्यांच्या कायद्यातला. एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देणं बंद झालं आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. मोठ्या संस्थेकडून छोट्या संस्थेला मिळणाऱ्या हप्त्यावर ज्या युवा सेवकांचं मानधन चाले, त्यांचा झरा एका दिवसात आटला. टाळेबंदीत दानपेट्या रिकाम्या असतानाच हे झालं. दीडशे वर्षांपूर्वीची फट पुन्हा उघडी पडली. बाहेरच्या पैशावर उभं केलेलं पद बाहेरच्या पैशाबरोबर जातं.

उपाय स्थानिक दानाचाच आहे आणि तो वाटतो तितका अवघड नाही. एकशेवीस कुटुंबांच्या मंडळीत दर कुटुंबाने महिन्याला दीडशे रुपये दिले तर अठरा हजार जमतात. मात्र ही रक्कम सर्वसाधारण दानात मिसळू देऊ नये. अंदाजपत्रकात वेगळं शीर्षक, वेगळी पावती, कमिटीचा ठराव आणि दरमहा बँकेतून रक्कम. उपासनेनंतर पाकिटात दिलेले पैसे हिशेबात येत नाहीत, लेखापरीक्षक त्यावर बोट ठेवतो आणि सेवकाला घरभाड्यासाठी दाखवायला कागदही मिळत नाही. पहिलं वर्ष कापणीच्या सणाला अर्पण आलेल्या पिकाच्या लिलावातून काढायचं आणि दुसऱ्या वर्षी बघू म्हणायचं, ही नेहमीची चूक आहे. लिलाव पावसावर अवलंबून असतो. तीन वर्षांची वचनबद्धता कुटुंबांकडून आधी लेखी घ्यावी, मगच माणूस नेमावा.

नेमणूकपत्रात मुदत, आठवड्याचे तास, सुट्टीचा वार (रविवार नव्हे), प्रवासखर्च आणि तो कोणाला जबाबदार हे असावंच. काय करायचं नाही हेही लिहावं. तसं नसेल तर सहा महिन्यांत युवा सेवक हा मंडळीचा ड्रायव्हर, साउंड ऑपरेटर आणि प्रोजेक्टरवाला होतो, आणि मुलांना भेटायला त्याच्याकडे संध्याकाळ उरत नाही.

वयाचा गोंधळ एन्डेव्हरच्या काळात नव्हता, तो नंतर साचला. तरुण संघात आज तेरा वर्षांचा मुलगा आणि पस्तिशीचा विवाहित सभासद एकाच सभेत बसतात. मोठे बोलतात, लहान मोबाइल पाहतात. किमान दोन गट हवेतच : आठवी ते बारावी, आणि अठराच्या पुढचे. लहान गटाला दीड तासाहून जास्त बसवू नये, त्यातला संदेश पंधरा-वीस मिनिटांचा, बाकी वेळ सहा-आठ जणांच्या घोळक्यांत. प्रत्येक घोळक्याशी दोन मोठी माणसं, मुलींच्या गटात त्यातली एक स्त्री, आणि बंद दारामागे एकट्या मुलाशी बोलणं नाही. वर्षाची आखणी जून ते डिसेंबर गृहीत धरून करावी. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि दहावीची त्याच्या मागोमाग येते, त्यामुळे जानेवारीपासून हजेरी निम्म्यावर येते. ती घसरण पाहून सेवक निष्फळ ठरला असा निष्कर्ष मार्चच्या सभेत काढला जातो, तो अन्याय आहे.

शिबिरासाठी दिवाळीची सुट्टी मेपेक्षा बरी. मे महिन्यात व्हीबीएस (मुलांची सुट्टीतली बायबल शाळा) असतं आणि तेच स्वयंसेवक दमलेले असतात. पालकांची लेखी परवानगी, औषधांची आणि ॲलर्जीची यादी, दर आठ-दहा मुलांमागे एक मोठा माणूस, मुलामुलींच्या झोपण्याच्या वेगळ्या इमारती किंवा निदान वेगळे मजले, आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर प्रत्येक गटप्रमुखाच्या खिशात. पोहण्याच्या जागी मुलांना सोडण्याआधी तिथे जीवरक्षक आहे का, हे जागा ठरवायला जातानाच पाहून यावं.

पाळकांची बदली होते त्या वर्षी युवा सेवकाची मुदत संपू नये, एवढी काळजी कमिटीने घेतली तरी निम्मी पडझड टळते. दोघं एकदम गेले तर कोणत्या मुलाच्या घरी दारूचा त्रास आहे, कोणाची दृढीकरणाची (कन्फर्मेशनची) तयारी अर्धवट राहिली आहे, बारावीनंतर शिकायला पुण्याला गेलेल्यांना तिथल्या कोणत्या मंडळीशी जोडून दिलं, हे सांगायला कोणीच उरत नाही. म्हणून नवा सेवक आल्यावर जुन्याने निदान दोन महिने त्याच्यासोबत घरभेटी कराव्यात आणि भेटींची वही त्याच्याकडे द्यावी. मुलांनी विश्वासाने सांगितलेल्या खाजगी गोष्टी त्या वहीत मुळातच लिहू नयेत. त्या पुढच्या सेवकाला कळाव्यात की नाही, हे त्या मुलाला विचारूनच ठरवावं.