सुरकुत्यांचं क्रीम घेण्याआधी एवढं वाचा

“याने सुरकुत्या खरंच जातात का हो?” आमच्या मेडिकलच्या काउंटरवर हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. गर्दीत धड उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक छापलं आहे.

पूर्ण जात नाहीत. काही मोजक्या घटकांनी बारीक रेषा थोड्या कमी होतात, तेही काही महिन्यांनी. कपाळावरच्या खोल आठ्या कुठल्याही क्रीमने पुसल्या जात नाहीत.

क्रीम लावल्यावर तासाभरात चेहरा तुकतुकीत दिसतो, ती ओलाव्याची किमया. ग्लिसरीन आणि हायल्युरोनिक ॲसिड पाणी धरून ठेवतात, त्वचेचा वरचा थर फुगतो आणि रेषा बुजल्यासारख्या वाटतात. हे काम साधं मॉइश्चरायझरही करतं. कोलाजेन म्हणजे त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन, त्याच्या क्रीमचंही तेच. कोलाजेनचा रेणू सुमारे तीन लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूचं वजन मोजायचं माप), आणि त्वचेतून आत शिरणारे पदार्थ साधारण पाचशे डाल्टनच्या आतले असतात. त्यामुळे ते वरच्या वरच राहतं.

ज्याच्यामागे भक्कम पुरावा आहे ते ट्रेटिनॉइन, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या घराण्यातलं औषध. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले डॉ. अल्बर्ट क्लिगमन ते मुरमांसाठी देत असत. वयाने मोठे रुग्ण त्वचा नितळ झाल्याचं सांगू लागले आणि तिथून संशोधन सुरू झालं. १९९५ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बारीक सुरकुत्यांसाठी त्याला मान्यता दिली. त्याने त्वचेत नवं कोलाजेन तयार व्हायला मदत होते. आपल्याकडे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळतं. सौंदर्यप्रसाधनांत असतं ते रेटिनॉल. त्वचा त्याचं ट्रेटिनॉइनमध्ये रूपांतर करून घेते, म्हणून परिणाम सौम्य आणि सावकाश.

रेटिनॉलचं क्रीम सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच, रात्री, चेहरा पूर्ण कोरडा झाल्यावर, वाटाण्याएवढं लावा. पहिले काही आठवडे साल निघते, चुरचुरतं. जास्त थापल्याने लवकर गुण येत नाही, चेहरा मात्र लाल होतो. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याचा विचार असेल, तर या घराण्यातलं काहीही लावू नका.

क जीवनसत्त्वाचं सीरम उपयोगी पडू शकतं, पण ते फार नाजूक. गेल्या महिन्यात एक ताई बाटली घेऊन आल्या. खिडकीत ठेवलेली, आतलं सीरम कोऱ्या चहासारखं झालेलं. हवा आणि उजेड लागून त्याची ताकद गेली होती. एक्स्पायरीची तारीख अजून लांब होती, तरी आम्ही ते लावू नका म्हणून सांगितलं. नायसिनामाइडने, म्हणजे ब३ जीवनसत्त्वाच्या एका रूपाने, थोडा फरक पडतो. पेप्टाइडचा, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांचा, पुरावा त्याहून तोकडा.

आता ज्याच्याबद्दल फार कमी जण विचारतात ते सनस्क्रीन. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावी ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्या गटात त्वचेचं वय वाढणं मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी भरलं. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतल्या एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो वैद्यकीय नियतकालिकात आला होता. २८ वर्षं खिडकीकडे असलेली चेहऱ्याची डावी बाजू घड्या पडून लोंबलेली, उजवी बरीच बरी. सूर्याचे यूव्हीए किरण काचेतूनही येतात. आपल्याकडे चालकाची उजवी बाजू खिडकीकडे असते, तेव्हा रोज गाडी चालवणाऱ्यांनी तो गाल विसरू नये. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर एसपीएफ ३० किंवा जास्तीचं, यूव्हीएपासूनही वाचवणारं सनस्क्रीन घ्या, आणि चेहरा, मान, कान सगळीकडे लावा.

एक कळकळीची विनंती. ‘गोरं करणारं’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या तीन औषधांच्या मिश्रणात ट्रेटिनॉइनबरोबर स्टेरॉइडही असतं. महिनोन्‌महिने लावल्यास कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात. चिठ्ठीशिवाय ते आम्ही देत नाही. शेजारणीला गुण आला म्हणून आग्रह करू नका.

घरात आधीच एखादं महागडं क्रीम असेल तर डब्यासकट घेऊन या. मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. जास्त प्रमाणाचे घटक आधी, कमी प्रमाणाचे शेवटी. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा सोबत बसून वाचू.